दोन बाबा, एक पोरगा आणि मालवणची फॅमिली ट्रिप: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोकणात कुठल्याही होमस्टेला फोन लावा, रेट सांगायच्या आधी पहिला प्रश्न येतो, "फॅमिली आहे ना?" आता आपल्याकडे फॅमिली म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. "माझी फॅमिली माहेरी गेलीये" असं म्हणणाऱ्या माणसाची मुलं, आईवडील सगळे घरीच असतात, बायको तेवढी गेलेली असते. त्यामुळे मी पहिल्या वर्षी जेव्हा छाती काढून "हो, फॅमिली आहे" म्हणालो आणि तिथे आम्ही दोन बाप्ये आणि एक साडेपाच वर्षांचं पोरगं रिक्षातून उतरलो, तेव्हा त्या मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मी गे आहे, ठाण्यात राहतो, मुलगा दत्तक आहे, आता सात वर्षांचा झाला. माझा जोडीदार आणि मी दहा वर्षं एकत्र आहोत. पोरगा मला बाबा म्हणतो आणि त्याला डॅडू. गेली दोन वर्षं आम्ही बिल्डिंगमधल्या चार कुटुंबांबरोबर मे महिन्यात मालवणला जातोय. पहिल्या वर्षी जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या, दुसऱ्या वर्षी बऱ्यापैकी जमलं. गेल्या महिन्यात एका मित्राने विचारलं की अरे तुम्ही जाता कसे, आम्हाला तर नुसत्या विचारानेच घाम फुटतो, म्हणून म्हटलं सगळं एकदा क्रमाने लिहून काढू. दोन आया असतील त्यांनाही बरंचसं लागू पडेल, फक्त तुम्हाला "बहिणी बहिणी का?" हा प्रश्न जास्त येईल.

१. कुणाला काय माहीत आहे याची यादी करा

हे तिकिटाच्याही आधी. कागद घ्या आणि प्रत्येक कुटुंबापुढे लिहा, यांना माहीत आहे, यांना अंदाज आहे, यांना काहीच माहीत नाही. आमच्या चार कुटुंबांपैकी एकाला सगळं माहीत होतं, दोघांना अंदाज होता पण कुणी विषय काढत नव्हतं (मराठी माणसाचं हे एक बरं असतं, अंदाज आला की तो चहात बुडवून गप्प पितो) आणि एका कुटुंबाला वाटत होतं की डॅडू म्हणजे माझा मावसभाऊ, जो नोकरीसाठी आमच्याकडे राहतो. दहा वर्षं नोकरीसाठी.

चार दिवस एका अंगणात, एका टेबलावर जेवायचं असेल तर हे असं चालत नाही. कारण तुम्ही सांभाळून घ्याल हो, पोराचं काय? तो डॅडूच्या मांडीवर बसूनच जेवणार. पहिल्या वर्षी मी एक मोठा मूर्खपणा केला, गाडीत बसल्यावर त्याला सांगितलं की "तिथे डॅडूला काका म्हण हां." त्याने "का?" विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवस तो बिचारा डॅडूला हाकच मारेना, नुसता जाऊन शर्ट ओढायचा. ते आठवलं की अजून पोटात कसंतरी होतं. त्यामुळे पहिला नियम हाच, मुलाला खोटं बोलायला लावून ट्रिपला न्यायचं नाही. ज्या ग्रुपमध्ये मुलाला शब्द बदलावे लागतील तो ग्रुप तुमचा नाही, त्यापेक्षा तिघंच जा, समुद्र तोच आहे.

सांगायचं कसं? ट्रिपच्या आधी दोन-तीन आठवडे, घरी चहाला बोलावून, दोन वाक्यांत. "आम्ही दोघं एकत्र आहोत, जोडीदार म्हणून. मुलगा आमचा दोघांचा आहे, तो एकाला बाबा म्हणतो एकाला डॅडू." बास. पुढे भाषण नको, माफी तर अजिबात नको. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू नका, ते पुढे कुठे फिरेल सांगता येत नाही. आणि ट्रिपमध्ये रात्री दोन पेग झाल्यावर सांगू असं तर मुळीच ठरवू नका, त्या वेळी सगळे मिठ्या मारतात आणि सकाळी नजर चुकवतात.

आम्ही सांगितल्यावर काय झालं? मावसभाऊवाल्या कुटुंबाला अचानक गावी काम निघालं. लागलं थोडं, खोटं का बोलू. त्यांच्या मुलीशी आमच्या पोराची घट्ट मैत्री होती. बाकी तिघांपैकी एक वहिनी फक्त एवढंच म्हणाल्या, "अहो आम्हाला माहितीये, तुम्ही कधी सांगताय याचीच वाट बघत होतो," आणि पोह्यांची प्लेट पुढे सरकवली. गळालेल्या कुटुंबाच्या जागी तिसऱ्या मजल्यावरचे आले आणि चाराचे चारच राहिलो.

एक महत्त्वाचं. सगळ्यांनीच सांगायला पाहिजे असं नाही. नोकरी, घरमालक, आईवडील यापैकी कुठे धोका असेल किंवा मुलाच्या ताब्यावरून कोर्टात केस चालू असेल तर आधी आपल्या वकिलाशी बोला, ट्रिप पुढच्या वर्षीही होईल.

२. तारीख

शाळेचा निकाल लागला की पुढचा आठवडा सोडा आणि साधारण ५ ते २० मे यातले चार-पाच दिवस धरा. कारण असं की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स २६ मे ते ३१ ऑगस्ट पावसाळ्यासाठी बंद असतात, आणि वारा सुटला, हवामान बिघडलं तर त्याच्याही आधी बंद होतात. पोरांना किल्ल्यावर न्यायचं कबूल केलेलं असतं आणि जेट्टीवर बोर्ड लागलेला असतो, मग दिवसभर ऐकावं लागतं. हापूसही मेच्या शेवटी उतरणीला लागतो.

पण याच पट्ट्यात मे महिन्याचा दुसरा रविवार येतो, म्हणजे मदर्स डे. हा सापळा माझ्या अजिबात लक्षात आला नव्हता. बरोबरच्या आयांपैकी कुणीतरी हौसेने मुलांना "आईसाठी कार्ड बनवा" म्हणून कागद-खडू वाटतंच. तारीख बदलता आली तर बदला, नाही तर आधी मुलाशी बोलून ठेवा. आमच्याने आजीसाठी कार्ड केलं, आजीचा चष्मा एवढा मोठा काढला की चेहऱ्याला जागाच उरली नाही. ते कार्ड अजून माझ्या आईच्या फ्रीजवर आहे. पण हे त्याला आयत्या वेळी नाही सुचलेलं, आदल्या रात्री आम्ही दोघं त्यावर बोललो होतो.

३. तिकीट

कोकण रेल्वेचं मे महिन्याचं तिकीट म्हणजे लॉटरी. आरक्षण आता ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं (पूर्वी १२० दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं) आणि आम्हाला हवी ती रात्रीची कोकणकन्या बघता बघता वेटिंगला जाते. म्हणून त्या दिवशी रेल्वेच्या साइटवरचं खातं आधारशी जोडलेलं, प्रवाशांची यादी आधीच भरून ठेवलेली, पैसे तयार, असं बसायचं. कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी किंवा रिक्षा.

दोन गोष्टी आपल्यासाठी खास. एक, तुम्ही तिघं एकाच पीएनआरवर असू द्या. एका तिकिटावर सहा जण बसतात, तेव्हा ग्रुपवाले उत्साहात "बायका-मुलं एका तिकिटावर, पुरुष दुसऱ्या" असं वाटप करतात आणि मग तुमचं पोरगं नक्की कुठल्या तिकिटावर यावर तासभर चर्चा होते. आमच्या वेळी तर त्याला एका वहिनींच्या तिकिटावर टाकला होता, आम्ही दुसऱ्या डब्यात, तो रात्री दोनला रडत उठला. दोन, ५ ते १२ वयाच्या मुलाचं बर्थशिवाय अर्धं तिकीट मिळतं, पण रात्रीचा प्रवास आहे, पूर्ण पैसे भरा आणि बर्थ घ्या. दोन मोठे पुरुष आणि एक लाथा मारणारं पोरगं दोन बर्थवर मावत नाही, हे आम्ही करून बघितलंय.

४. खोली

फोनवरच सगळं सांगा, दारात नको. मी आता हे वाक्य पाठ केलंय: "आम्ही दोन पुरुष आणि आमचा सात वर्षांचा मुलगा, एक खोली, डबल बेड आणि एक जादा गादी. बरोबर अजून चार कुटुंबं आहेत. चालेल ना?" चालत असेल तर हो म्हणतात, नसेल तर खोल्या फुल होतात. आम्हाला पाच फोनांत दोन नकार आले, त्यातला एक तर "आम्ही बॅचलर घेत नाही" म्हणून. मी म्हटलं अहो बॅचलर लोक फ्लोटर आणि ओआरएस घेऊन येत नाहीत, पण नाही म्हणजे नाही.

"ओन्ली फॅमिली" हा बोर्ड दारू पिऊन दंगा करणाऱ्या पोरांच्या टोळक्यांसाठी लावलेला असतो, हेही मनात ठेवा. बरोबर मूल दिसलं की निम्मे मालक आपोआप मवाळ होतात. कायद्याचं म्हणाल तर दोन सज्ञान पुरुषांनी एक खोली घेणं हा गुन्हा नाही, आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कलम ३७७ ची (समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम) भीती घालायलाही कुणाला जागा नाही. पण मे महिन्यात, उन्हात, झोपाळलेलं पोरगं खांद्यावर घेऊन कायदा शिकवायचा नसतो, म्हणून फोन. झालेलं बोलणं मेसेजवर लिहून घ्या, ॲडव्हान्स भरल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

अजून एक. ग्रुपमधलं कुणीतरी चांगुलपणाने "तुम्ही दोघं बाकीच्या पुरुषांबरोबर हॉलमध्ये झोपा, पोरगं आमच्या मुलांबरोबर राहील" असं सुचवेल. गोड बोलून नाही म्हणा. बाकीच्या जोडप्यांना खोली आणि तुम्हाला हॉल, हे एकदा मान्य केलं की दरवर्षी तेच होतं.

५. कागदपत्रं

कागद का लागतात ते आधी थोडं सांगतो. आपल्यासारख्या जोडप्यांना कायद्याने दोघं मिळून पालक होता येत नाही. दत्तक घेताना मी एकटा पुरुष म्हणून अर्ज केला होता, एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही, मुलगाच मिळतो. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही आणि अविवाहित जोडप्यांना मिळून दत्तक घेता न येण्याचा नियमही बहुमताने तसाच ठेवला. म्हणजे रोज डबा भरणारा, गृहपाठ घेणारा, रात्री उठणारा डॅडू कागदावर कुणीच नाही. म्हणून कागद नीट न्यायचे:

– मुलाचं आधार. पाच वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे, फोटो अपडेट केले नसतील तर करून घ्या
– मुलाचा जन्मदाखला, ज्यावर तुमचं नाव आहे. झेरॉक्स पुरते
– तुमचं आणि जोडीदाराचं ओळखपत्र, मूळ
– दत्तक आदेशाची प्रत मोबाईलमध्ये, लॉक केलेल्या फोल्डरमध्ये. आमचा कोर्टाचा आहे, सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश जिल्हाधिकारी देतात
– घटस्फोट झालेला असेल तर ताबा आणि सुट्टीतल्या भेटीच्या अटी असलेलं आदेशाचं पान, आणि दुसऱ्या पालकाला ट्रिपच्या तारखा, पत्ता कळवल्याचा मेसेज किंवा मेल
– आरोग्य विम्याचं कार्ड, मुलाच्या लसीकरणाचं पुस्तक
– जोडीदाराच्या नावाचं संमतीपत्र, त्याबद्दल खाली

सापळा: हॉटेलवाल्याने मुलाचा पुरावा मागितला तर आधार दाखवा. दत्तक आदेश काढून देऊ नका. घाबरून आपण सगळी फाईल टेबलावर ओततो आणि मग आपल्या पोराचा सगळा इतिहास कुणाच्या तरी झेरॉक्स मशीनवर पडून राहतो. तो कागद पोलीस किंवा मोठ्या दवाखान्याच्या वेळेपुरता.

आता संमतीपत्र. पहिल्या वर्षी मी पहाटे बाकीच्या पुरुषांबरोबर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) ओढताना बघायला किनाऱ्यावर गेलो, फोन खोलीत चार्जिंगला. मागे पोरगा खडकांत खेळायला गेला आणि कालवाच्या शिंपल्याने तळपाय चिरला. डॅडू त्याला उचलून दवाखान्यात धावला. तिथल्या फॉर्मवर रकाना होता, रुग्णाशी नातं. त्याने दोन सेकंद विचार केला आणि काका लिहिलं. पोरगा, पायातून रक्त, डोळ्यांतून पाणी, पण वाचता येत होतं ना नुकतंच, तो तिथेच ओरडला, "काका नाहीये तो! डॅडू आहे!" डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली, पण टाके घालायला आई किंवा वडील लागतील म्हणाले, जे त्यांच्या जागी बरोबरच होतं. मी पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. चाळीस मिनिटं तो पोराला मांडीवर घेऊन, पाय वर धरून बसला होता आणि त्याचा पांढरा शर्ट पार लाल.

परत आल्यावर आठवड्यात पत्र केलं. त्यात लिहिलंय की मी, अमुक मुलाचा कायदेशीर पालक, माझ्या गैरहजेरीत अमुक व्यक्तीला मुलाबरोबर प्रवास करायला, त्याला दवाखान्यात न्यायला आणि तातडीच्या उपचारांना संमती द्यायला परवानगी देतो. खाली दोघांचे आधार नंबर, फोन, माझी सही, दोन साक्षीदार, आणि नोटरी केलं. प्रत्येक डॉक्टर ते मानेलच असं नाही, पण हातात काही नसण्यापेक्षा कागद असला की बोलणं सुरू तरी होतं. ग्रुपमधल्या एका विश्वासू कुटुंबाकडेही एक प्रत द्या. आणि फोन खोलीत ठेवून रापण बघायला जाऊ नका.

६. हिशोब

आमच्या ग्रुपचे खजिनदार एक्सेलशिवाय श्वास घेत नाहीत. त्यांच्या शीटमध्ये दोन रकाने, जोडी आणि मूल. आम्ही कुठे बसेना म्हणून त्यांनी आम्हाला "सिंगल अधिक सिंगल अधिक मूल" असं टाकलं आणि सिंगलचा दर वेगळा, म्हणून आम्हाला प्रत्येक जोडीपेक्षा साडेतीन हजार जास्त आले. मनात काही नव्हतं हो त्यांच्या, सूत्रच तसं होतं. मीही पहिल्या वर्षी गपचूप भरले. दुसऱ्या वर्षी सांगितलं की दादा आम्हाला जोडीत टाका. त्यांनी चष्मा वर केला, शीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हां, तसं केलं तर बेरीज पण सोपी होते." या एका वाक्यावर मी त्यांना पुढची दहा वर्षं सगळं माफ केलंय.

बाकी पैशाचं आम्ही दोघांच्या जॉइंट खात्यातून करतो. असं खातं काढायला काही आडकाठी नाही, हे ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय, बँकेतला माणूस कुरकुरला तर हे सांगा.

७. तिथे गेल्यावर: "हेची आवस खंय?"

हा प्रश्न येणारच. रिक्षावाला विचारेल, शहाळंवाला विचारेल, देवळातले गुरव विचारतील. मालवणीत खंय म्हणजे कुठे, आवस म्हणजे आई, बापूस म्हणजे वडील, झील म्हणजे मुलगा. हे पोराला आधी शिकवून ठेवा, नाही तर आमच्यासारखं होईल.

झालं असं की होमस्टेच्या काकू मागच्या पडवीत रतांबे (कोकमाची फळं) फोडत बसल्या होत्या, हात मनगटापर्यंत लालभडक, आणि आमचा चिरंजीव समोर उकिडवा बसून बिया वेगळ्या करून देत होता. काकूंनी मायेने विचारलं, "काय रे झिला, तुझी आवस खंय रवली?" याला वाटलं आवस हा एखादा मासा आहे, कारण दोन दिवस आजूबाजूला सगळं बोलणं बांगडा, सौंदाळा, मोरी हेच चाललेलं. तो एकदम गंभीरपणे म्हणाला, "आवस मिळाली नाही. आम्ही बांगडाच खाल्ला."

मी आतून ऐकत होतो, मला हसू की रडू कळेना. काकूंना आधी काही समजलं नाही, मग त्यांनी त्याला समजावून सांगितलं आवस म्हणजे काय. तेव्हा तो म्हणाला, "अच्छा आई! मला आई नाहीये. बाबा आहे आणि डॅडू आहे." "मगे जेवक कोण घालता तुका?" "बाबा. डॅडूला फक्त मॅगी येतं." काकूंनी हातातला रतांबा टोपलीत टाकला आणि म्हणाल्या, "दोन दोन बापूस! हय एक आसा, तो पण खयच्या कामाचो नाय." आतल्या खोलीतून त्यांच्या यजमानांचा खोकला ऐकू आला.

सगळीकडे असं होत नाही, काही लोक खोदत बसतात. म्हणून तीन उत्तरं तयार ठेवा. वाटेत भेटणाऱ्यासाठी: "आम्ही दोघंच सांभाळतो त्याला," आणि पुढचा प्रश्न त्यालाच विचारायचा, आंबा कसा डझन? चार दिवस रोज भेटणाऱ्यासाठी खरं आणि थोडक्यात. आणि मुलासमोर "आई वारली का?" असं विचारणाऱ्यासाठी सरळ "त्याच्यासमोर नको" म्हणून उठायचं. आई वारली असं खोटं कधीही सांगू नका. सोपं वाटतं, समोरचा हळहळून गप्पही बसतो, पण पोरगा ऐकत असतो.

८. रात्र: बायकांत बसायचं की पुरुषांत?

हे कुणीच सांगत नाही. मराठी फॅमिली ट्रिपमध्ये रात्री साडेनऊनंतर दोन गट पडतात. पुरुष गच्चीवर "बसतात" आणि बायका मुलांना झोपवतात, उद्याच्या नाश्त्याचं बघतात आणि खऱ्या गप्पा मारतात. पोरगं झोपवणारे आम्ही दोघंच पुरुष, त्यामुळे आमची गत न घर का न घाट का. गच्चीवर गेलो की अर्ध्या तासात खालून "बाबाऽऽ शू" अशी हाक येते. बायकांत बसलो तर सुरुवातीला त्या जरा आवरून बोलतात, मग उवांचा शाम्पू कुठला, टीचर कशा आहेत, सासूने काय म्हटलं इथपर्यंत गाडी येते.

आम्ही पाळी लावली. एक रात्र तो गच्चीवर, मी खाली, दुसऱ्या रात्री उलटं. दोघंही वर जायचं नाही आणि दोघंही खाली नाही. याचा फायदा असा झाला की दुसऱ्या वर्षी बाकीच्या वहिनींनीही आपापल्या नवऱ्यांना पाळी लावली. पुरुषमंडळींत आमची लोकप्रियता त्या दिवशी जरा घसरली.

स्थळांचंही तयारीत ठेवा. सगळं माहीत असूनही एखादी मावशी म्हणेलच, "अजून वय गेलेलं नाही, एखादी चांगली मुलगी बघू, पोराला आई मिळेल." वाद घालू नका, "आधी याच्यासाठी जागा करावी लागेल" म्हणून जोडीदाराकडे बोट दाखवा. हसण्यावारी जातं.

९. मुलं मुलं

मोठ्यांपेक्षा मुलांचं लवकर निपटतं. एका आठ वर्षांच्या पोरीने विचारलं, "तुला दोन बाबा कसे?" याने सांगितलं, "तुला दोन आज्या आहेत ना, तसे." तिला पटलं, दोघं वाळूत खड्डा खणायला गेले. पण चिडवाचिडवी झाली तर त्या मुलाला तुम्ही रागावू नका, त्याच्या आईवडिलांशी एकटं गाठून बोला, त्याच दिवशी. आणि आपल्या पोराला रात्री झोपताना विचारा की आज कुणी काय म्हटलं. अंधारात मुलं जास्त सांगतात.

१०. फोटो

ट्रिपच्या पहिल्याच दिवशी ग्रुपवर टाका की आमच्या मुलाचे फोटो फेसबुक-इन्स्टावर नकोत, आपल्या ग्रुपमध्ये चालतील. कारण विचारलं तर "लहान आहे" पुरेसं आहे. तुमच्या ऑफिसात माहीत नसेल, ताब्याची केस असेल तर हे विसरूच नका, कुणाच्यातरी मेव्हण्याच्या लाईकमुळे फोटो कुठल्या कुठे जातो. आणि ग्रुप फोटो काढताना कुणीतरी "आता सगळी कपल्स" म्हणून ओरडतं, तेव्हा कॅमेरा धरायला पुढे पळू नका. मी पहिल्या वर्षी चारही संध्याकाळी कॅमेरा धरला, आमचा दोघांचा किल्ल्यावर एकही फोटो नाही.

११. परतताना

परतीच्या तिकिटालाही तोच ६० दिवसांचा हिशोब, ते चार दिवसांनी उघडतं हे विसरून लोक जायचं काढतात आणि यायचं राहतं. आंब्याची पेटी सीटखाली, आडवी नाही. आणि कागदांची फाईल साध्या पिशवीत ठेवू नका, झिपवाल्या प्लास्टिकमध्ये ठेवा, कारण काकूंनी प्रेमाने दिलेली आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली पनवेलच्या आधी कुठेतरी गळली आणि आमच्या संमतीपत्राचा खालचा कोपरा अजून गुलाबी आहे. सही वाचता येते, म्हणून नवीन केलं नाही.